घोटा क्रँकला घासू नये म्हणून: युनिसायकलचे क्रँक घेण्यापूर्वीची तयारी

एकचाकी सायकल चालवताना घोट्याचे हाड सोलवटून निघत असेल किंवा बुटाची आतली कड झिजून फाटत आली असेल, तर नवे क्रँक, म्हणजे पेडल आणि चाकाचा आस यांना जोडणाऱ्या दांड्या, मागवण्याआधी रंगारी वापरतात तशी कागदी चिकटपट्टी आणावी. दोन्ही क्रँकच्या बाहेरच्या अंगावर, आसाच्या बोल्टवर आणि फ्रेमच्या दोन्ही पायांच्या खालच्या टोकांना, म्हणजे बेअरिंगच्या खोबणीपाशी, ती लावावी आणि नेहमीच्याच बुटांत नेहमीच्याच रस्त्यावर अर्धा तास सायकल चालवावी. पट्टी कुठे काळी पडली आणि कुठे फाटली यावरून पुढचा निर्णय घ्यायचा आहे. पेडलच्या टोकाशी डाग असेल तर चवडा पेडलवर फार आत ठेवला जातो आहे, आणि त्यासाठी क्रँक बदलण्याची गरज नाही. आसाच्या टोकाशी डाग असेल तर टाच लागते आहे. फ्रेमच्या पायावर डाग असेल तर घोटा किंवा टाचेची मागची बाजू फ्रेमपर्यंत पोचते आहे. दोन्ही बाजूंचे डाग सारखे असतीलच असे नाही. माझा डावा पायच तेवढा घासतो, उजवा कधीच नाही.

हे घासणे नेमके केव्हा होते हे एकदा सायकल भिंतीला टेकवून, क्रँक आडवे ठेवून, हळूहळू पाहून घ्यावे. पेडल मागे असते तेव्हा टाच आसापासून लांब मागे गेलेली असते आणि तिला अडायला काहीच नसते. पेडल पुढे येऊन क्रँक जमिनीला समांतर झाला की मात्र पाऊल त्याच्या लगत, त्याच दिशेने आडवे होते. चवड्यापासून टाचेच्या टोकापर्यंतचे अंतर मोठ्या माणसात साधारण 17 सेंटिमीटर धरले, तर 150 मिलिमीटरच्या क्रँकवर टाच आसाच्या जेमतेम 2 सेंटिमीटर मागे पडते आणि बोल्टला लागण्याची शक्यता सर्वाधिक असते. 100 मिलिमीटरच्या क्रँकवर तीच टाच आसाच्या 7 सेंटिमीटर मागे निघून जाते. मग बोल्ट सुटतो, पण टाच फ्रेमच्या पायाजवळ जाते आणि आसासमोर तळव्याचा मधला भाग येतो. म्हणून आखूड क्रँक घेतला की घासणे थांबेल ही समजूत अर्धीच खरी आहे. घासण्याची जागा बदलते, इतकेच.

लांबी आपल्या चाकाच्या आणि चालवण्याच्या हिशेबाने आधी ठरवून टाकावी आणि घोट्याचा प्रश्न तिच्यावर लादू नये. 20 इंची चाकावर शिकणाऱ्याला 125 मिलिमीटरच्या आसपासची लांबी सोयीची जाते. चढ-उताराच्या रस्त्यांवर लांब क्रँक जोर देतात, तर सपाट रस्त्यावर आखूड क्रँक पायांना लहान वर्तुळ देऊन वेग वाढवतात. शर्यतीत उतरायचे असेल तर लांबीची निवड आपल्या हातात पूर्णपणे नसते, कारण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार धावमार्गावरच्या शर्यतींत 24 इंची गटात 125 मिलिमीटरपेक्षा आणि 20 इंची गटात 100 मिलिमीटरपेक्षा आखूड क्रँक चालत नाहीत.

लांबी ठरली की क्रँकच्या बाहेरच्या झुकावाकडे वळावे, आणि खरा वेळ इथे द्यावा. दुकानात क्यू फॅक्टरचा आकडा सांगितला जातो. दोन्ही क्रँकच्या पेडल बसतात त्या बाहेरच्या पृष्ठांमधले अंतर म्हणजे क्यू फॅक्टर, आणि तो मोठा असला की घोट्याला मोकळी जागा मिळणार असे गृहीत धरले जाते. तसे मुळीच नाही. क्रँक सरळ असेल आणि केवळ हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, रुंद असल्यामुळे आकडा मोठा आला असेल, तर क्रँकचे आसाकडचे टोकही तितकेच बाहेर आलेले असते आणि टाच पूर्वीसारखीच त्याला लागते. टाचेला उपयोग होतो तो पेडलचे टोक आसाच्या टोकापेक्षा किती बाहेर आहे या फरकाचा, म्हणजेच झुकावाचा. तो मोजायला पेडल काढावे, पोलादी फूटपट्टी पेडलच्या भोकाभोवतीच्या सपाट भागावर घट्ट दाबून तिचे दुसरे टोक आसाकडे न्यावे, आणि पट्टी व बोल्टचे डोके यांच्यातली फट कॅलिपरने घ्यावी. तो सपाट भाग पेडलच्या दांडीशी काटकोनात असल्यामुळे पट्टी आपोआप चाकाला समांतर राहते. पट्टी बोल्टवरच टेकली तर क्रँक सरळ आहे किंवा बोल्टच बाहेर डोकावतो आहे. नुसता बोल्ट आड येत असेल तर बुटक्या डोक्याच्या बोल्टवर काम भागू शकते.

ही फट किती हवी, हे आपल्या चालण्यावरून ठरते. ओल्या पायांनी कोरड्या फरशीवर दहा पावले चालून मागे वळून पाहावे. चवडे 10 अंशांनी बाहेर वळलेले असतील, तर 17 सेंटिमीटर मागे असलेली टाच सुमारे 3 सेंटिमीटर आत येते. एवढी फट कोणत्याही नेहमीच्या क्रँकमधून मिळायची नाही, म्हणून अशा चालीच्या माणसाने रुंद पेडल घेऊन पाऊल सेंटिमीटरभर बाहेर ठेवण्याची सवय लावावी आणि उरलेल्या फरकापुरताच झुकलेला क्रँक निवडावा. पेडल आणि क्रँक यांच्यामध्ये एखादा पातळ वॉशर घालता येतो. वॉशरची चळत लावली तर मात्र पेडलचे आटे क्रँकमध्ये पुरेसे शिरत नाहीत.

झुकाव जास्त असला की सुरक्षित, असा विचारही करू नये. पाय चाकाच्या मध्यापासून जितका बाहेर, तितका प्रत्येक दाब चाकाला बाजूला ओढतो आणि चाक नागमोडी चालू लागते. डोंगरातल्या ओबडधोबड वाटेवर याची फारशी जाणीव होत नाही, पण 36 इंची चाकावर तासभर सरळ रस्त्याने जायचे असेल तर ही डुगडुग कमरेला कळते. घासणे ज्याने जेमतेम थांबते तेवढाच झुकाव घ्यावा, असे माझे मत आहे. स्विस श्लुम्फ बनावटीचा 1:1.55 गिअरचा हब असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी, कारण त्याचा गिअर आसाच्या टोकावरचे बटण टाचेने दाबून बदलतात. टाच सतत घासत राहिली तर गिअर नको तेव्हा पडतो आणि चालवणारा तोंडावर आपटतो, आणि टाच फार लांब गेली तर बटण सापडत नाही.

खरेदीपूर्वी हबचा आस कोणत्या जातीचा आहे याची खात्री करावी. चौकोनी निमुळत्या आसाचे क्रँक आणि आयसिस नावाच्या खाचांच्या आसाचे क्रँक एकमेकांच्या आसावर बसत नाहीत, आणि आयसिसमध्ये बेअरिंग व क्रँक यांच्यामध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारे कडे, येतो, तो जुन्या जोडणीतून जपून काढून ठेवावा. चौकोनी आसावरचा क्रँक काढायला पुलर, म्हणजे तो ओढून काढणारे हत्यार, लागतो. आपल्याकडच्या साध्या सायकलींवर कॉटर पिन हातोडीने काढण्याची सवय असलेल्या एका कारागिराने माझ्या क्रँकवरही हातोडी चालवली होती, आणि त्यानंतर बेअरिंग कुरकुरायचे थांबले नाही. तेव्हापासून पुलर आणि पेडलसाठी 15 मिलिमीटरचा पाना मी पिशवीतच ठेवतो.

बसवताना डावा-उजवा तपासावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, आणि चाक चुकून उलटे बसले तर पायाच्या जोरानेच पेडले सैल होऊन क्रँकचे आटे जातात. लेस बुटात खोचावी, कारण मोकळी लेस पेडलच्या दांडीवर गुंडाळली गेली तर उतरताच येत नाही. नव्या क्रँकवर पुन्हा तीच कागदी पट्टी लावून अर्धा तास चालवावे, आणि परत आल्यावर पट्टी पाहण्याआधी दोन्ही बोल्ट पुन्हा आवळावेत, कारण चौकोनी आसावर क्रँक पहिल्या फेरीत थोडा आणखी आत बसतो आणि बोल्ट तेवढा सैल पडतो.