सुपरमार्केटचे कार्बन उत्सर्जन कमी कसे करावे: सुरुवात चिलरपासून

कापडी पिशव्यांचा फलक लावण्याआधी दुकानामागच्या कॉम्प्रेसरकडे जा. किराणा आणि गोठवलेला माल विकणाऱ्या दुकानात मोठी बचत तिथेच होते.

१. गॅसची वही ठेवा. चिलर किंवा डीप फ्रीझरमध्ये थंडाव्यासाठी कोणता गॅस आहे ते यंत्रावरच्या पट्टीवर लिहिलेले असते. आर-४०४ए असेल, तर १ किलो गॅस हवेत सुटणे म्हणजे सुमारे ३,९०० किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. ५ किलोची गळती साडेएकोणीस टनांवर जाते. ग्रिडच्या विजेमागे युनिटला ०.७ किलो धरले, तर हे जवळपास २८,००० युनिटांएवढे झाले! म्हणून तारीख, यंत्र आणि किती किलो गॅस भरला, हे दर वेळी लिहा.

सीलबंद यंत्रणेतला गॅस वापराने संपत नाही. तो पुन्हा भरावा लागतो, याचा अर्थ कुठेतरी गळतो आहे. मेकॅनिकला नुसता गॅस भरून जाऊ देऊ नका. फ्लेअर जोड (नळीचे तोंड पसरवून नटाने आवळलेले), व्हॉल्व्हची टोपणे आणि कंपनाने एकमेकींवर घासणाऱ्या तांब्याच्या नळ्या साबणाच्या फेसाने तपासून घ्या. तेलकट डाग दिसला तर आधी तिथे बघा. दुरुस्तीनंतर नायट्रोजनने दाबाची चाचणी, मग व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा काढणे), मगच गॅस. जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही.

नवा फ्रीझर घेताना आर-२९०, म्हणजे प्रोपेनवर चालणारा मागा. त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम नगण्य असतो. मात्र तो ज्वलनशील आहे, त्यामुळे जुन्या यंत्रात कधीही भरू नये.

२. थंडावा आत ठेवा. उघड्या चिलरला काचेची दारे बसवली की त्याची वीज साधारण एक तृतीयांशाने कमी होते. दारे परवडत नसतील, तर निदान रात्रीचे पडदे ओढा. माल भरायच्या रेषेच्या वर दुधाच्या पिशव्या रचल्या की चिलरच्या तोंडावरचा थंड हवेचा पडदा तुटतो. छताचा पंखा थेट चिलरवर येत असेल तरीही तेच होते. दूध ४ अंशांवर आणि आइस्क्रीम उणे १८ वर पुरते. दाराच्या रबरात नोट अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर बदला. कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) महिन्यातून एकदा मऊ ब्रशने झाडा, पिठाच्या विभागाजवळ असेल तर पंधरवड्याने.

३. फेकला जाणारा माल कमी करा. आधी मुदत संपणारा माल पुढे ठेवा. पालेभाजी एकदम भरण्यापेक्षा दोनदा थोडी मागवा आणि भाव संध्याकाळी पाचलाच उतरवा. रात्री नऊला उतरवून उपयोग नाही, गिऱ्हाईक तोवर घरी गेलेले असते. काय फेकले, किती आणि का, हे रोज लिहून ठेवा.

४. ग्राहकाला सोपे करा. सुटी डाळ-तांदूळ पाकिटापेक्षा स्वस्त ठेवा, नाहीतर कोणी डबा आणणार नाही. रिकामा डबा आधी तोलून वजन वजा करा. जुन्या धान्यावर नवे ओतू नका, टाकी रिकामी करून पुसून कोरडी करा. पावसाळ्यात किडे याच चुकीने होतात. फळांवर ‘इको’ वगैरे शब्द नकोत. गाव-तालुका लिहा, परदेशी फळ विमानाने आले की जहाजाने तेही लिहा. काउंटरवर पिशवी आपणहून काढू नये, मागितली तरच पैसे घेऊन द्यावी.