मँगनीज-अ‍ॅल्युमिनियमचा कायमचुंबक: ताऊ फेज कसा मिळवायचा

निओडिमियम न वापरता चुंबक करून पाहायचा असेल, तर मँगनीज-अ‍ॅल्युमिनियम-कार्बनपासून सुरुवात करावी. त्याचं चुंबकत्व ताऊ फेजमध्ये, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक मांडणीत असतं. या मिश्रधातूची सैद्धांतिक मर्यादा सुमारे १२ मेगागॉस-ओर्स्टेड (चुंबकात साठणाऱ्या ऊर्जेचं एकक) आहे. फेराइट ४-५ वर थांबतं, निओडिमियम ५० पर्यंत जातं. मधली ही जागा भरण्यासारखी आहे.

५० ग्रॅमसाठी मँगनीज ३५.५, अ‍ॅल्युमिनियम १४.२ आणि ग्रॅफाइट ०.२९ ग्रॅम घ्या. इलेक्ट्रोलिटिक मँगनीजवरचा काळपट ऑक्साइड आधी सौम्य नायट्रिक आम्लाने काढून टाका. आर्क भट्टीत (विजेच्या ज्योतीने धातू वितळवणाऱ्या भट्टीत) ग्रॅफाइट तुकड्यांच्या खाली ठेवा, वर ठेवलं तर उडून जातं. आर्गॉनमध्ये चार-पाच वेळा उलटून वितळवा, मग वजन करा. घट आली असेल तर ती बहुतेक मँगनीजचीच, कारण त्याची वाफ लवकर होते. म्हणून पुढच्या घाण्यात १-२ टक्के मँगनीज जास्त घाला.

गोळा टँटलमच्या पत्र्यात गुंडाळून क्वार्ट्झ नळीत आर्गॉनसह बंद करा. पत्रा नसेल तर मँगनीजची वाफ क्वार्ट्झ खाते. ११०० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवा आणि नळी पाण्यातच फोडा. आता तुकड्याजवळ चुंबक धरा. तो चिकटता कामा नये! चिकटला, तर थंड व्हायला उशीर झाला आणि एप्सिलॉन फेज (ताऊच्या आधीची, चुंबकाला न चिकटणारी मांडणी) निसटला.

सगळा खेळ पुढच्या अर्ध्या तासाचा, यातच एप्सिलॉनचा ताऊ होतो. छोटे तुकडे करून ५५० अंशांवर १०, २० आणि ३० मिनिटं ठेवा, प्रत्येकाचं चुंबकन मोजा आणि एक्सआरडी (क्ष-किरणांनी फेज ओळखण्याची चाचणी) काढा. चुंबकन शिखरावरून उतरू लागलं की ताऊ मोडून बीटा-मँगनीज आणि अ‍ॅल्युमिनियमचा जास्त वाटा असलेला फेज तयार होतोय असं समजा. कार्बन हे मोडणं लांबवतो, पण प्रमाणाबाहेर गेला की कार्बाइड वेगळं पडतं.

इथवर चुंबकन चांगलं मिळतं, खरी अडचण कोअर्सिव्हिटीची, म्हणजे उलट्या चुंबकीय क्षेत्रापुढे चुंबकत्व टिकवण्याच्या क्षमतेची. बॉल मिलमध्ये दळल्याने ती वाढते, पण स्फटिकातली अणूंची मांडणी विस्कटून चुंबकन घटतं. म्हणून थोडं दळा, मोजा, मग पुन्हा दळा. पोलादी गोळ्यांचं लोखंड पावडरीत उतरून आकडे फुगवतं, तेही तपासा. पावडर हवेत पेटू शकते आणि मँगनीजची धूळ मेंदूला घातक आहे, त्यामुळे हे काम ग्लोव्ह बॉक्समध्येच (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीतच) करा.

दळण्यापेक्षा मला गरम एक्स्ट्रूजनची (तापलेला धातू साच्याच्या छिद्रातून दाबून काढण्याची) वाट जास्त भरवशाची वाटते. मात्सुशिता या जपानी कंपनीने १९७० च्या दशकात सुमारे ७०० अंशांवर ठोकळे दाबून, कणांना एक दिशा देऊन ७ मेगागॉस-ओर्स्टेडच्या आसपास मजल मारली होती.