नवी सातेरी वसाहत आणल्यावर: पहिल्या दोन महिन्यांचा खुराक आणि देखभाल

विकत आणलेली सातेरी, म्हणजे आपली देशी पाळीव मधमाशी, महिन्याभरात पेटी रिकामी करून उठून जाते, ही नव्या मधपाळांची नेहमीची तक्रार. दोष बहुतेक वेळा माशीचा नसतो. अन्न संपले, राणीचे अंडी घालणे थांबले, मुंग्यांनी किंवा उकाड्याने छळले, की जागा बदलायची हा सातेरीचा स्वभावच आहे. मेलिफेरा, म्हणजे पाळली जाणारी युरोपीय माशी, अशा वेळी बहुधा पेटीतच उपाशी मरते. सातेरी थांबत नाही. तिला धरून ठेवतो तो पिलावा, म्हणजे पोळ्यातली अंडी, अळ्या आणि कोष. भरपूर उघड्या अळ्या असलेले पोळे कामकरी माश्या सहसा सोडत नाहीत. म्हणून साखरेचा पाक द्यायचा तो मध वाढावा म्हणून नाही, राणी अंडी घालत राहावी म्हणून. पुढची सगळी मापे याच हिशोबाने दिली आहेत.

कधी घ्यावी, काय पाहून घ्यावी

सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि कोकणात वसाहत ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी. पाऊस उघडलेला असतो, कारळ्यासारखी फुले मिळतात आणि जांभूळ फुलेपर्यंत संख्या वाढवायला तीन-चार महिने हाती राहतात. मे महिन्यात मधाने जड झालेली पेटी पाहून मोह होतो, पण तिच्यापुढे लगेच चार महिन्यांचा पावसाळा असतो. त्या काळात फुले कमी, उड्डाणाला उघडीप कमी, आणि नवशिक्या माणसाला सुरुवातच सगळ्यांत कठीण हंगामाने करावी लागते.

पेटी उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. आठ चौकटींच्या पेटीत निदान चार-पाच चौकटी दोन्ही बाजूंनी माश्यांनी झाकलेल्या हव्यात आणि त्यांपैकी तिनांत पिलावा हवा. पोळ्यातल्या घराच्या, म्हणजे षटकोनी कप्प्याच्या, तळाशी उभे, तांदळाच्या कणीपेक्षा बारीक, पांढरे अंडे दिसले तर राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती हे नक्की. राणी शोधत बसायची गरज नाही. एकेका घरात दोन-तीन अंडी, तीही भिंतीला चिकटलेली दिसली, तर राणी नाही आणि कामकरी माश्याच अंडी घालत आहेत असे समजा. ती वसाहत घेऊ नका.

झाकणे उघडी पडलेल्या घरात अळी होडीसारखी टोक वर करून पडलेली असेल आणि चिमट्याने उचलल्यावर पाण्याने भरलेल्या पिशवीसारखी अखंड बाहेर येत असेल, तर तो सॅकब्रूड. हा विषाणूजन्य रोग आहे, त्यावर औषध नाही आणि सातेरीच्या वसाहती तो झपाट्याने संपवतो. अशी एक चौकट दिसली तरी त्या माणसाकडची कोणतीच पेटी घेऊ नका. उलट, नर माशीच्या उंच झाकणावर मधोमध बारीक भोक दिसले तर घाबरू नका. सातेरीत ते असतेच, रोग नव्हे.

पोळी चौकटीला सुतळीने किंवा केळीच्या सोपाने बांधलेली असतील तर ही वसाहत रानातून नुकतीच धरून आणलेली आहे. ती वाईटच असते असे नाही, पण उठून जाण्याचा धोका जास्त. पोळे वरच्या पट्टीला मेणाने पक्के जोडलेले असेल, तरच ती प्रवासाला लायक.

वाहतूक आणि पेटी मांडणे

अंधार पडल्यावर सगळ्या माश्या आत आल्या की दारावर बारीक जाळी ठोका. मधकोठी, म्हणजे मध साठवण्याचा वरचा मजला, चढवलेली असेल तर ती काढून घ्या. मधाने जड झालेले पोळे खड्ड्यात तुटते आणि राणी त्याखाली चिरडते. चौकटी गाडीच्या लांबीच्या दिशेने ठेवा, आडव्या नाही, नाहीतर ब्रेक लागला की पोळी एकमेकांवर आपटतात. पहाट होण्याआधी मुक्कामी पोचा.

जागा आधीच तयार हवी: सकाळचे ऊन मिळणारी, दुपारी सावलीची, दार पूर्वेकडे किंवा आग्नेयेला, पश्चिमेचा पाऊस-वारा अडवणारी. विजेच्या तारांखाली पेटी ठेवू नका; वेडा राघू तिथेच बसून उडत्या माश्या टिपतो. घडवंची दीड ते दोन फूट उंच, तिचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. वाटीत पाण्यावर थोडे वापरलेले इंजिन ऑइल टाकले तर पाणी लवकर उडत नाही. पाण्यात पडलेले एक पान किंवा पेटीला टेकलेली गवताची काडी मुंगळ्यांना पूल म्हणून पुरते, म्हणून आजूबाजूचे गवत कापलेलेच ठेवा.

पेटी मांडून अर्धा तास तशीच राहू द्या, मग जाळी काढा आणि दार दोन माश्या जातील एवढेच उघडे ठेवा. दारासमोर पानांची फांदी आडवी लावा. बाहेर पडणाऱ्या माश्या अडखळतात, वळून पेटीकडे पाहतात आणि नवी जागा ओळखून घेतात. जुनी जागा दोन-तीन किलोमीटरच्या आत असेल तर मात्र बऱ्याच माश्या तिकडेच परततील.

राणी अडवण्याची जाळी दारात बसवावी का? आठवडाभर चालेल, त्याहून जास्त नाही. त्या फटींतून कामकरी माश्या जातात पण पायांवरचे पराग घासून खाली पडतात, नर अडकतात, आणि राणी कुमारी असेल तर तिचे मीलनच होत नाही. वसाहत का जाऊ पाहते ते शोधले नाही, तर जाळी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी ती जाते.

पाक

साधी पांढरी साखर १ किलो, पाणी १ लिटर. पाणी उकळा, आच बंद करा, मग साखर घालून ढवळा. साखर आचेवर शिजवू नका. करपलेली साखर माशीला पचत नाही आणि तिला हगवण लागते. गुळाचेही तेच. दुसऱ्या कोणाचा मध पाजणे तर सर्वांत वाईट, कारण त्यातून रोगाचे जंतू सरळ पिलाव्यात जातात. एवढ्या मापात साधारण १.६ लिटर पाक होतो, म्हणजे २०० मिलीलिटरचे आठ डोस. कोमट झाल्यावरच द्या.

पाजायला रुंद तोंडाची बरणी घ्या. झाकणाला बारीक खिळ्याने आठ-दहा भोके पाडा. पाक भरून बरणी आधी बादलीवर उलटी धरा. थोडे थेंब गळून धार थांबली की आत पोकळी धरली असे समजा. गळत राहिली तर झाकण सैल आहे किंवा भोके मोठी आहेत. मग चौकटींच्या वर दोन पातळ पट्ट्या टाकून त्यावर बरणी उलटी ठेवा, भोवती रिकामी कोठी आणि वर झाकण. बरणी नसेल तर करवंटीतही देता येते, मात्र वर वाळलेल्या काड्या तरंगत हव्यात, नाहीतर माश्या बुडतात.

पहिल्या चार संध्याकाळी रोज १५० ते २०० मिलीलिटर. त्यानंतर आठवड्यातून दोनदा २०० मिलीलिटर, तीन आठवडे. तीन आठवडेच का? सातेरीत अंड्यापासून कामकरी माशी बाहेर यायला १९-२० दिवस लागतात. नव्या जागी घातलेल्या अंड्यांतून पहिल्या माश्या बाहेर पडेपर्यंत सगळा भार आणलेल्या माश्यांवर असतो, आणि त्या रोज कमी होत असतात. नव्या माश्याही लगेच फुलांवर जात नाहीत, आधी आतली कामे करतात. म्हणून चौथ्या ते सहाव्या आठवड्यात खुराक तोडायचा की चालू ठेवायचा, हे फुले पाहून ठरवावे.

सर्वांत जास्त चूक होते ती मापात. रात्रीत संपेल तेवढाच पाक द्या. सकाळी बरणीत उरला असेल तर तो काढून टाका आणि पुढच्या वेळी माप निम्मे करा. दमट हवेत पातळ पाक दोन दिवसांत आंबतो. जास्त पाक दिला तर माश्या तो पिलाव्याच्या घरांत भरून ठेवतात, राणीला अंडी घालायला जागा उरत नाही. बाहेरून पेटी जड, माणूस खूश, आणि आत पिलावा आटत चाललेला. पोळ्याच्या वरच्या भागात दोन बोटे रुंद पाक-मधाचा पट्टा पुरेसा आहे. तो खाली सरकताना दिसला की पाजणे थांबवा.

वेळ सूर्यास्तानंतरचीच. दिवसा पाक दिला की वास दूरवर जातो आणि शेजारच्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. दारावर मारामारी, झाकणाच्या फटी हुंगत फिरणाऱ्या माश्या, केस झडून काळ्या चकचकीत झालेल्या माश्या, या लुटीच्या खुणा. लगेच बरणी काढा, दार एक माशी जाईल एवढे करा, त्यावर ओल्या गवताची जुडी सैल ठेवा आणि फटी शेण-मातीने बुजवा. चार पेट्या असतील तर चारींना एकाच संध्याकाळी पाक द्या. फक्त दुबळीला दिला तर लुटली जाते ती तीच. थेंब सांडला तरी पाण्याने धुवा.

पाक फक्त ऊर्जा देतो; अळ्या वाढतात त्या परागावर. दारावर दहा मिनिटे बसून पाहा. दर मिनिटाला दोन-तीन माश्या पायांवर पिवळ्या, पांढऱ्या, नारिंगी गोळ्या घेऊन आत जात असतील तर काळजी नको. नारळाच्या बागेजवळ वर्षभर पराग मिळतो, मका-ज्वारीच्या तुऱ्यावरही मिळतो. अजिबात येत नसेल तर चरबी काढलेले सोयापीठ ३ भाग, निष्क्रिय ब्रूअर यीस्ट १ भाग, साय काढलेल्या दुधाची भुकटी १ भाग, हे दळलेली साखर आणि दाट पाक घालून पोळीच्या कणकेइतके मळा. ५० ग्रॅमची चपटी गोळी बटर पेपरवर ठेवून चौकटींवर उपडी ठेवा. पाव फुगवायचे जिवंत यीस्ट वापरू नका. तीन दिवसांत तोंड लावले नाही तर काढा, बुरशी धरते. सातेरी पुष्कळदा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. अशा वेळी फुलांजवळ हलवणे हाच उपाय.

पाणीही लागते. उथळ थाळीत खडे ठेवून रोज ताजे पाणी भरा, पेटीपासून वीस-तीस फुटांवर.

तपासणी

पहिले सात दिवस पेटी उघडू नका; फक्त दार पाहा. बरणी बदलतानाही वरचे झाकणच उचलायचे, चौकटींना हात नाही. आठव्या दिवशी सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, वारा-पाऊस नसताना, सात-आठ मिनिटांत काम उरका. धुराचे दोन झोत पुरेत. जास्त धूर दिला की सातेरी पोळ्यांवरून धावत सुटते आणि गोळा होऊन लोंबते, मग काहीच दिसत नाही. चौकट पेटीच्या वरच, उभी धरा. कोवळे पोळे आडवे केले की मोडून पडते. पुढे दर आठ-दहा दिवसांनी एकदा.

प्रत्येक वेळी तीनच गोष्टी पाहा: अंडी आहेत का, अन्न आहे का, माश्यांनी न झाकलेले पोळे आहे का. तिसरी गोष्ट मेणपतंगासाठी. त्याची अळी रिकाम्या, काळ्या पोळ्यांत जाळ्यांची बोगदी करते, आणि दुबळ्या वसाहतीत ती शिरली की सातेरी निघून जाते. म्हणून माश्यांना झाकता येत नाहीत ती पोळी बाहेर काढा आणि उरलेल्या चौकटींना आडवी फळी लावून पेटीतली जागा लहान करा. तळपाट दर तपासणीला खरवडून कचरा जाळा. अळ्या त्यातच वाढतात.

वसाहत जाण्याच्या बेतात असेल तर आधी कळते. अंडी दिसत नाहीत, उघड्या अळ्या जवळजवळ नाहीत, फक्त झाकलेला पिलावा उरलेला, साठा संपत आलेला, पराग आणणे थांबलेले, राणी बारीक झालेली. झाकलेल्या पिलाव्यातल्या माश्या बाहेर पडल्या की सगळ्या एकदम जातात. अशा वेळी नुसता पाक उपयोगाचा नाही. दुसऱ्या निरोगी पेटीतली अंडी आणि उघड्या अळ्या असलेली एक चौकट, तिच्यावरच्या माश्या झटकून, मधोमध द्या, आणि त्याच संध्याकाळपासून पाक सुरू करा. राणी मेलेली असली तरी याच अंड्यांतून त्या नवी राणी वाढवतात. म्हणून सुरुवातीलाच एकाऐवजी दोन वसाहती घ्याव्यात. एक दुसरीला चौकट देऊ शकते.

खुराक कधी बंद

वरच्या पट्ट्यांवर पांढरेशुभ्र नवे मेण दिसू लागले आणि सकाळी चौकटीला हलका धक्का दिल्यावर पोळ्यातून पातळ मकरंद ठिबकू लागला, की बाहेर फुलोरा आहे. त्या दिवसापासून पाक पूर्ण बंद. मधकोठी चढवायची ती शेवटच्या पाकानंतर निदान दहा-बारा दिवसांनी आणि खालच्या आठही चौकटी माश्यांनी भरल्यावर. पाक भरलेल्या चौकटींवर खडूने खूण करून त्या खालीच ठेवा. चुकून मधकोठीत गेल्या तर साखर मधात उतरते आणि तो मध म्हणून विकता येत नाही. पहिल्या वर्षी खालच्या कोठीतला मध अजिबात काढू नका. जूनमध्ये पाऊस लागण्यापूर्वी निदान दोन चौकटी मधाने भरलेल्या नसतील, तर २ किलो साखर आणि १ लिटर पाणी असा दाट पाक देऊन साठा पुरा करा. पावसाळ्यात पातळ पाक आटवायला माश्यांना कोरडी हवाच मिळत नाही.