मुलांना २६/११ समजावून सांगताय? या चुका टाळा

२६ नोव्हेंबरला शाळाशाळांत संविधान दिन असतो. बेळगाव शहर असो, खानापूर असो की निपाणी, प्रार्थना झाली की मुलं उद्देशिका म्हणतात, कुठे मराठीत, कुठे कन्नडमध्ये. संध्याकाळी घरी येऊन काकाचा मोबाइल हातात घेतला की स्टेटसवर ताज हॉटेलच्या घुमटातून निघणारा धूर दिसतो. मग प्रश्न येतो, "हे काय आहे?"

२००८ साली त्या रात्री दहा अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत शिरले. सीएसटी स्टेशन, कामा हॉस्पिटल, लिओपोल्ड कॅफे, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस. २९ तारखेच्या सकाळपर्यंत हल्ला चालला आणि १६६ माणसं गेली. आपल्याकडे तेव्हाही गावोगावी कोणी ना कोणी मुंबईला नोकरीला होतंच. त्यांचा फोन लागेपर्यंत घरातल्यांच्या जिवात जीव नव्हता. आज प्राथमिक शाळेत बसणाऱ्या एकाही मुलाचा मात्र तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्यांच्यासाठी ही सगळी ऐकीव गोष्ट, आणि ती त्यांच्या मनात भीती होऊन बसणार की बळ होऊन, हे सांगणाऱ्यावर ठरतं. वर्गात आणि घरात मुलांशी या विषयावर बोलताना मला एक गोष्ट पक्की दिसली आहे. "सगळं ठीक होईल" या शब्दांनी मुलांना धीर येत नाही. त्या रात्री कोणी काय केलं, हे नेमकं कळलं की येतो.

"लहान आहे, त्याला काय कळतंय" म्हणून विषय बदलणं

विषय आपण बदलतो, मूल बदलत नाही. ते रिक्षातल्या मोठ्या पोरांकडून अर्धवट ऐकतं आणि उरलेलं मनानं भरून काढतं. ते मनानं भरलेलं खऱ्यापेक्षा जास्त भयंकर असतं. म्हणून आधी विचारा, "तू काय ऐकलंस?" चुकीचं ऐकलं असेल तर तेवढंच दुरुस्त करा. पहिली-दुसरीच्या मुलाला चार वाक्यं पुरतात : काही माणसांनी मुंबईत लोकांना मारलं, खूप लोक गेले, पोलिसांनी आणि जवानांनी त्यांना थांबवलं, ही गोष्ट तुझ्या जन्माच्या आधीची आहे. पुढचं त्यानं विचारलं तर सांगा, नाही तर तिथंच थांबा.

शाळेत कन्नड किंवा इंग्रजीत ऐकलेलं असलं तरी भीतीबद्दल बोलताना मूल घरच्या भाषेत येतं. त्याला ज्या भाषेत बोलायचंय त्या भाषेत बोलू द्या. मध्येच शब्द सुधारायला जाऊ नका.

व्हिडिओ दाखवून समजावणं

हे सरळ बंद करा. लहान मुलाला जुनं चित्रण आणि आत्ता घडतंय ते यातला फरक नीट कळत नाही. तीच आग दहादा दाखवली की त्याला वाटतं, दहा वेळा आग लागली. फोटो दाखवायचाच असेल तर आजच्या सीएसएमटीचा दाखवा, गर्दीनं भरलेल्या फलाटाचा.

आठवी-नववीच्या मुलांबरोबर मात्र याच मुद्द्यावर थोडं जास्त बोलता येतं. त्या वेळी वाहिन्यांनी कारवाईचं थेट प्रक्षेपण केलं, त्यावर २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं कडक ताशेरे ओढले, कारण त्यामुळे जवानांचा जीव धोक्यात आला. आपल्या हातातला मोबाइलही आज एक वाहिनीच आहे, हे या वयाच्या मुलांना लगेच पटतं.

मरणाला गोड नाव देणं

"झोपले", "लांबच्या गावाला गेले", "आकाशात तारा झाले." हेतू चांगला, परिणाम वाईट. पाच-सहा वर्षांच्या मुलाला मेलेलं माणूस परत येत नाही हे अजून पुरतं उमजलेलं नसतं. त्यात "झोपले" म्हटलं की ते रात्री स्वतः झोपायला घाबरतं. एकदा पहिलीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "टीचर, ते परत येतील काय?" तिला एवढंच सांगितलं, "नाही बाळ, येणार नाहीत. माणूस मेलं की त्याचं शरीर चालायचं, बोलायचं थांबतं, त्याला दुखतही नाही. त्यांच्या घरच्यांना त्यांची खूप आठवण येते." तिनं मान हलवली आणि ती डबा उघडून जेवायला बसली. मुलांना खरं पेलतं. घरात देवाघरी म्हणायची पद्धत असेल तर म्हणा, पण सोबत "परत येत नाहीत" हेही सांगा.

"आपल्याकडे असं काही होत नाही" हा दिलासा

ज्याची हमी आपल्या हातात नाही ते वचन देऊ नये. बेळगावात तर हा प्रश्न फार जवळचा. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथं, आसपासच्या खेड्यांत फौजेतली घरं पुष्कळ. वर्गात २६/११ चा विषय निघाला की फौजीचं पोर गप्प होतं, आणि घरी जाऊन आईला विचारतं, "पप्पांना पण गोळी लागेल काय?"

आईचं काळीज तिथंच हलतं. म्हणून पटकन तोंडातून निघतं, "छे, काही होत नाही पप्पांना, गप जेव." मूल गप्प होतं, पण त्याला कळतं की हे विचारायचं नसतं. त्याऐवजी असं सांगून बघा : "पप्पांचं काम धोक्याचं आहे हे खरं. म्हणूनच त्यांना ट्रेनिंग देतात, ते एकटे कधी नसतात, अख्खी तुकडी एकमेकांना सांभाळते. फोन आला की तूच विचार त्यांना, कसं सांभाळता म्हणून." फोनवर वडिलांनीही विषय टाळू नये. मित्रांची नावं सांगावीत, मेसमध्ये काय जेवलो ते सांगावं. मुलाला वडिलांच्या भोवतीची माणसं दिसली की ते सैलावतं.

मारेकऱ्याची गोष्ट सांगत बसणं

सहावीच्या वर्गात विचारून बघा, २६/११ म्हटलं की कोणाचं नाव आठवतं? पहिलं नाव कसाबचं येतं. तो कुठून आला, कोणती बंदूक होती, फाशी कधी झाली, सगळं पाठ. ही आपली, मोठ्यांची चूक आहे.

स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यांत तर हे फारच होतं. एका कार्यक्रमात मी पाहिलं, अतिरेकी झालेल्या मुलाला सगळ्यात जास्त टाळ्या, कारण प्लास्टिकची बंदूक त्याच्याकडे. पडद्यामागे कोणीतरी लवंगी फटाक्यांची माळ लावली. पहिल्या रांगेतली अंगणवाडीची पोरं कानावर हात ठेवून टीचरच्या पदराखाली शिरली, एक तर ओलं झालं. देशभक्तीचा कार्यक्रम म्हणून बसवलेल्या त्या नाटकातून त्या पोरांनी घरी काय नेलं, याचा विचार करणारं तिथं कोणी नव्हतं. हल्ला नाट्यात दाखवू नका. गोळीबार नको, रंगाचं रक्त नको, पांढऱ्या चादरीखाली झोपलेली मुलं नकोत.

याला जोडूनच दुसरी चूक येते, "ते लोक" असं बोलणं. आपल्या गल्लीत गणपतीची आरास आणि मोहरमचे पंजे दोन्ही पाहत मुलं वाढतात. वर्गात शेजारच्या बाकावर कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. त्या पोराकडे सगळ्यांच्या नजरा वळतील असं एकही वाक्य शिक्षकाच्या तोंडून येता कामा नये. आणि हे भलेपणासाठी खोटं बोलणं नव्हे, खरी हकिकतच तशी आहे. त्या रात्री गेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते. मेलेल्या नऊ अतिरेक्यांना आपल्या कब्रस्तानात पुरू द्यायला मुंबईतल्या मुस्लिम संस्थेनं साफ नकार दिला होता. नरिमन हाऊसमधून मोशे या दोन वर्षांच्या ज्यू मुलाला कडेवर घेऊन बाहेर पळाली ती त्याला सांभाळणारी सँड्रा सॅम्युअल, भारतीय ख्रिस्ती बाई. हे मुलांना सांगा.

"रडू नकोस, ते शूरवीर होते"

शूर होते हे खरं, म्हणून रडायचं नाही हे कुठून आलं? मुलाला वाईट वाटलं तर वाटू द्या, जवळ बसा. आशा त्यानंतर येते, घाईनं आणता येत नाही.

आणि ती आणायची कुठून, तर या माणसांकडून. तुकाराम ओंबळे सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे, मुंबई पोलिसात सहायक उपनिरीक्षक. गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली ती सोडलीच नाही. गोळ्या अंगावर घेतल्या, म्हणून मागच्या सहकाऱ्यांचा जीव वाचला, एक अतिरेकी जिवंत सापडला आणि सगळा कट उघड झाला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. मुलांना यापुढचं फार आवडतं : २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या उडी मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला संशोधकांनी त्यांचं नाव दिलं, आयसियस तुकारामी. माझ्या वर्गातली पोरं त्यानंतर आठवडाभर व्हरांड्यातले कोळी शोधत होती. आठवण ठेवण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाही.

ताजमध्ये लढताना गेलेले मेजर संदीप उन्नीकृष्णन बेंगळूरूत वाढलेले, त्यामुळे कन्नड शाळेतल्या मुलांनाही ते आपले वाटतात. पण आशा फक्त वर्दीवाल्यांत दाखवू नका, नाही तर मुलींना आणि भित्र्या मुलांना वाटतं, हे आपलं काम नव्हे. कामा हॉस्पिटलमधल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी वॉर्डातल्या वीस गरोदर बायकांना पॅन्ट्रीत नेऊन लपवलं. सीएसटीवर विष्णू झेंडे हे रेल्वेचे उद्घोषक. गोळीबार दिसताच ते माइकवरून प्रवाशांना मागच्या बाजूनं बाहेर पडायला सांगत राहिले. झेंड्यांच्या हातात शस्त्र नव्हतं, होता तो फक्त आवाज. हे ऐकल्यावर वर्गातलं सगळ्यात लाजरं पोरगंही सरसावून बसतं.

थोडी मोठी मुलं विचारतात, मग पुढे काय बदललं? सांगण्यासारखं आहे. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, म्हणजे एनएसजीचे, कमांडो तेव्हा दिल्लीजवळच्या मानेसरहून यावे लागले, त्यात वेळ गेला. म्हणून २००९ मध्ये मुंबईसह चार शहरांत एनएसजीची केंद्रं झाली, अशा हल्ल्यांशी लढणारं महाराष्ट्र पोलिसांचं फोर्स वन दल उभं राहिलं.

आठवणीचा दिवस फक्त भाषणाचा करणं

पाठ केलेलं भाषण मुलाच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी राहत नाही. त्याऐवजी हाताला काम द्या. प्रत्येक मुलानं एका माणसाबद्दल दोन ओळी लिहाव्यात. ११२ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करून पत्ता कसा सांगायचा हे जोडीनं करून बघावं. उद्देशिकेतला "बंधुता" हा शब्द तर त्याच दिवशी वाचलेला असतो.

खानापूर तालुक्यातल्या शाळांना नंदगडही जवळ आहे. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला त्यांनी २६ जानेवारी १८३१ ला तिथं फाशी दिली. त्याच्या समाधीवर साथीदारानं वडाचं रोप लावलं असं सांगतात. आज त्या मोठ्या वडाला मूल व्हावं म्हणून लोक पाळणे बांधतात. मराठी आणि कन्नड, दोन्ही घरांतली मुलं तिथं एकत्र नेता येतात आणि मोठ्या दुःखाचं माणसं पुढे काय करतात ते दाखवता येतं.

सांगून झाल्यावर काही बिघडलं तर

मूल तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतं? तेच उत्तर त्याच शब्दांत द्या, वैतागू नका, ते खात्री करून घेतंय. खेळात "हल्ला हल्ला" खेळतं? रागावू नका. खेळात एक अॅम्ब्युलन्स आणा, एक नर्स आणा आणि पुढे काय होतं ते त्यालाच ठरवू द्या. ऐकताना हसलं तर उद्धट समजू नका, घाबरलेलं मूलही हसतं. काहीच बोललं नाही तर चित्रं काढायला कागद ठेवा.

अंथरूण ओलं करणं, रात्री दचकून उठणं, आईला न सोडणं, शाळेला जायचं नाही म्हणणं हे काही दिवस चालू शकतं. दिवसाचा क्रम मोडू नका, झोपायच्या आधी बातम्या बंद ठेवा. महिन्याभरातही उतरलं नाही किंवा खाणं-खेळणंच सुटलं तर डॉक्टरांना दाखवायला लाजू नका. मनाच्या त्रासासाठीच्या टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र सुरू असतो, आणि बेळगावहून धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं रुग्णालय फार लांब नाही. जाण्याआधी वर्गशिक्षकांच्या कानावर घाला, म्हणजे त्या दिवसांत वर्गात त्याला उभं करून कोणी प्रश्न विचारणार नाही.