सुरीसाठी टूल स्टील: नागपुरात पट्टी घ्यावी कशी आणि उरलेली विकावी कशी

इतवारीतल्या लोहा ओळीत जाऊन "भाऊ, सुरीसाठी चांगलं स्टील द्या" म्हटलं, तर हाताशी असेल ती पट्टी मिळेल. त्यात दुकानदाराची काही चूक नाही. ग्रेड, म्हणजे स्टीलचा नेमका प्रकार, ठरवूनच पायरी चढा. (गाडी मात्र लांबच लावा.)

१. आधी पाणी देणार कुठे ते ठरवा, मग ग्रेड

पाणी देणं म्हणजे पातं तापवून, एकदम थंड करून कडक करणं. घरच्या भट्टीवर पाणी देणार असाल तर ओएचएनएस (तेलात कडक होणारं टूल स्टील) घ्या. परदेशी व्हिडिओंत ज्याला ओ-१ म्हणतात, ते आपल्या बाजारात ओएचएनएस मागितलं की मिळतं. कार्बन साधारण ०.९ टक्के, ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून तेलात बुडवलं की कडक होतं. बेअरिंगचं ईएन-३१ सुद्धा उत्तम, पण ते बहुतेक गोल सळईत मिळतं, म्हणजे ठोकून पट्टी करणं आलं. ईएन-८ स्वस्त असतं, पण कार्बन ०.४ टक्केच. शाफ्टला ठीक, धारेला नाही.

एचसीएचसीआर (जास्त कार्बन, जास्त क्रोमियमचं स्टील) मागताना सावध राहा. या एका नावाखाली डी-२ आणि डी-३ दोन्ही विकले जातात. डी-२ मध्ये कार्बन दीड टक्का, डी-३ मध्ये दोनच्या वर. डी-३ जास्त ठिसूळ, धारेचे टवके लवकर उडतात. सुरीला डी-२च मागा. त्याला हजार अंशांवर तापवावं लागतं आणि तिथे ठरावीक वेळ धरावं लागतं, ते कोळशावर जमत नाही. म्हणून हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला हीट ट्रीटमेंट करणारा (मोठ्या भट्टीत पाणी देऊन देणारा) गाठा, तो तुमचे दोन-चार नग घेईल का ते विचारा आणि मगच पैसे मोजा.

२. वजन घरूनच काढून न्या

भाव किलोवर असतो. पट्टीसाठी रुंदी × जाडी (मिलिमीटरमध्ये) × ०.००७८५ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. ३० × ४ ची पट्टी मीटरला सुमारे ९४० ग्रॅम भरते. गोल सळईला व्यासाचा वर्ग भागिले १६२. २५ मिमीची सळई मीटरला ३.८६ किलो. वर १८ टक्के जीएसटी आणि कटिंगचे पैसे. भाव सांगितला की ते धरून आहे का, तेवढं विचारा.

३. माल हातात घेऊन बघा

टोकाला मारलेला रंग म्हणजे पुरावा नव्हे. दुकानागणिक रंग बदलतात. टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (स्टील ज्या घाणीत ओतलं तिचा नंबर) पट्टीवर ठोकलेल्या नंबराशी जुळवा. नंबराचं टोक तुमच्या तुकड्यात येणार नसेल तर दोन्हींचा फोटो काढून ठेवा. माल नरम केलेला हवा: कानस मारली की सहज खरवडला पाहिजे. काळी (वरून न घासलेली) पट्टी घेत असाल तर जाडी एक मिलिमीटर जास्त घ्या, कारण वरच्या थरातला कार्बन उडालेला असतो आणि तो घासून काढावाच लागतो. तुकडा बँडसॉवर कापून घ्या. गॅस कटरने कडा जळतात.

घरी आल्यावर ओएचएनएसचा बोटभर तुकडा तापवा. चुंबक चिकटेनासं झालं की थोडा आणखी तापवून तेलात टाका. थंड झाल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर माल खरा. डी-२ ला ही परीक्षा लागू नाही.

४. उरलेलं विकताना

ग्रेड माहीत असलेला तुकडा सुरीवाला आनंदाने घेतो. तोच तुकडा नावाशिवाय भंगाराच्या भावात जातो. म्हणून कापल्याकापल्या प्रत्येक तुकड्यावर ग्रेड ठोका किंवा ऑइल पेंटने लिहा. भाव किलोवर नव्हे, नगावर सांगा: लांबी, रुंदी, जाडी, काळी की घासलेली, बिलाची आणि सर्टिफिकेटची प्रत सोबत आहे की नाही. पावसाळ्यात पट्ट्यांना तेल चोळून ठेवा.

ट्रकचा कमानपाटा असेल तर "ट्रकचा पाटा, ग्रेड माहीत नाही" एवढंच सांगा. विकण्याआधी रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरवा. बारीक तडा असेल तर रॉकेल पाझरून ओलसर रेघ उमटते. तसला पाटा सरळ भंगारात.

कोरी पट्टी विकणं वेगळं आणि तयार पातं विकणं वेगळं. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियम २०१६ मध्ये हत्यारांच्या यादीत येतं; घरकाम, शेती आणि उद्योगासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. गिऱ्हाईकाने शोभेचा खंजीर मागितला, तर आधी नियम वाचा, मग इसार घ्या.