परदेशातल्या सभासदांकडून छोट्या देणग्या घेताय? या चुका टाळा

सर्व्हरचं भाडं, डोमेनचं नूतनीकरण, बॅकअपची जागा. स्वयंसेवकांनी चालवलेल्या ऑनलाइन समूहाचा वर्षाचा खर्च बहुधा एवढाच. सभासद पुण्यात, नाशकात, न्यू जर्सीत, दुबईत आणि लंडनमध्ये पसरलेले. प्रत्येकाने थोडे दिले तरी भागावं. तरी बिल भरायच्या वेळी खजिनदार हात टेकतो, आणि त्याचं कारण क्वचितच सभासदांची कंजुषी असते. पैसे वाटेत झिरपतात, नाहीतर पोचल्यावर कायद्यात अडकतात.

दरमहा एक डॉलर

ऐकायला गोड, हिशेबात वाईट. स्ट्राइप हे पेमेंट गेटवे, म्हणजे कार्डाचे पैसे गोळा करून खात्यात देणारं माध्यम, अमेरिकेत कार्डावर २.९ टक्के अधिक ३० सेंट घेतं. टक्के सगळे बघतात, पण खरा दणका त्या ३० सेंटांचा असतो. १ डॉलरमधून ३३ सेंट गेले. वर्षाचे १२ डॉलर असे बारा हप्त्यांत घेतले तर जवळजवळ ४ डॉलर कापले जातात; तेच एकरकमी घेतले तर ६५ सेंट. कार्ड दुसऱ्या देशातलं असेल तर वर दीड टक्का, चलन बदललं तर आणखी एक टक्का.

म्हणून वर्गणी वार्षिक ठेवा आणि किमान रक्कम १० डॉलर. युरो वापरणाऱ्या देशांतल्या सभासदांसाठी तिकडचं खातं असेल तर सेपा ट्रान्सफर (युरोतली बँक-ते-बँक पाठवणी) द्या, कार्ड मध्ये येतच नाही. स्विफ्टने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बँक ट्रान्सफरने, दहा-वीस डॉलर मागवू नका. मधली बँकच त्यातला मोठा वाटा खाऊन जाते.

खातं कोणाचं?

सगळ्यात महाग चूक इथे होते. ‘सध्या माझ्या खात्यावर घ्या, नंतर बघू’ असं कुणीतरी सज्जन म्हणतो. त्याला नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात ५०,००० रुपयांहून जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर फक्त वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर कर लागू शकतो.

त्याहून गंभीर म्हणजे एफसीआरए, अर्थात परदेशी योगदानाचा २०१० चा कायदा. इथे पत्ता नाही, पासपोर्ट मोजतात. न्यू जर्सीत राहणारा पण भारतीय पासपोर्टवाला सभासद आपल्या बचतीतून बँकेमार्फत देतो, ते परदेशी योगदान धरत नाहीत. त्याच इमारतीतली, अमेरिकी नागरिक झालेली सभासद दहाच डॉलर देते, ते मात्र धरलं जातं. तिच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्यांना मिळणारं) असलं तरीही, आणि तिने रुपयांत दिलं तरीही. संस्थेला ‘रक्कम किरकोळ आहे’ अशी सूट नाही. तेव्हा देणगीच्या फॉर्मवर ‘कुठे राहता?’ असं न विचारता ‘पासपोर्ट कोणत्या देशाचा?’ असं विचारा.

या कायद्याखाली रीतसर नोंदणी करायची तर संस्था साधारण तीन वर्षं जुनी हवी, त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं हवं, आणि दरवर्षी एफसी-४ विवरणपत्र, पैसे आले नाहीत तरी. वर्षाला पन्नास हजारांत चालणाऱ्या समूहाला हे झेपत नाही.

मग दोन गल्ले ठेवा. भारतातला गल्ला फक्त भारतीय नागरिकांचा. परदेशस्थ भारतीयांना एनआरई किंवा एनआरओ, म्हणजे परदेशस्थांसाठीच्या भारतातल्या बँक खात्यावरून यूपीआय करता येतं. अमेरिका, ब्रिटन, सिंगापूर, यूएईचे मोबाइल नंबरही त्यासाठी चालतात. मात्र अशी खाती ओसीआयवाल्यांचीही असतात, म्हणून पासपोर्टचा प्रश्न इथेही गाळू नका. दुसरा गल्ला परदेशातल्या यजमान संस्थेकडे, म्हणजे इतर समूहांचे पैसे सांभाळणाऱ्या नोंदणीकृत संस्थेकडे. डेबियन हा स्वयंसेवकांचा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प हेच करतो: अमेरिकेत एसपीआय (सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट) ही संस्था त्याचे पैसे सांभाळते आणि देणगीतून ५ टक्के ठेवून घेते, शिवाय फ्रान्स आणि स्वित्झर्लंडमध्ये वेगळ्या संस्था आहेत. सर्व्हरचं बिल तिकडूनच थेट भरा; ते पैसे भारतातल्या समूहाकडे वळवले की पुन्हा तोच कायदा आडवा येतो. यजमानही कायमचा समजू नका. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन ही अमेरिकेतली अशीच यजमान संस्था २०२४ अखेर बंद झाली आणि तिच्याकडच्या समूहांना नवं घर शोधावं लागलं. हे सगळं ठरवण्याआधी सीएला एकदा विचारा. ती फी वाया जात नाही.

आणि करसवलतीचं आश्वासन सहज देऊ नका. अमेरिकी सभासदाला भारतातल्या संस्थेची पावती तिकडच्या करात चालत नाही.

रातोरात दोनशे देणग्या

सकाळी डॅशबोर्ड उघडावा तर पहाटे तीन ते चारमध्ये १ डॉलरचे दोनशे प्रयत्न, बहुतेक फसलेले, ईमेल पत्ते अक्षरांची खिचडी. पेढे वाटू नका. चोरलेली कार्डं चालतात का, ते तुमच्या फॉर्मवर तपासून बघितलं जातंय. फॉर्म लगेच बंद करा. यशस्वी झालेल्या सगळ्या रकमा खऱ्या कार्डधारकाने तक्रार करण्याआधी स्वतःहून परत करा, कारण एका चार्जबॅकला (कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँकेने परत ओढलेल्या रकमेला) स्ट्राइप अमेरिकेत १५ डॉलर लावतं. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. मग कॅप्चा लावा, एका आयपीवरून प्रयत्नांची मर्यादा घाला, ‘मनाला येईल ती रक्कम’ हा रकाना काढून १०, २५, ५० ची बटणं ठेवा.

भारतीय कार्डावर ऑटो-डेबिट फसतंय

गेटवेला शिव्या घालण्याआधी हे पाहा: १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती कपातीला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ई-मँडेट, म्हणजे कार्डधारकाची आधी नोंदवलेली ऑनलाइन मंजुरी, लागतं आणि कपातीआधी २४ तास सूचना जावी लागते. परदेशी गेटवे ते पाळत नसेल तर व्यवहार नुसता नाकारला जातो. भारतातल्या सभासदांना वर्षातून एकदा यूपीआयचा क्यूआर पाठवा, प्रश्न मिटतो. बाकीच्यांच्या कार्डाची मुदत संपायच्या महिनाभर आधी मेल करा.

पैसे दिले म्हणजे मत मिळालं?

हे आधीच लिहून ठेवा. स्वयंसेवकांनी बनवलेल्या जगाच्या मुक्त नकाशामागच्या ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचं सभासदत्व १५ पौंडांचं आहे, पण वर्षात ४२ दिवस नकाशावर काम करणाऱ्याला ते फुकट मिळतं आणि पैसे भरणं शक्य नसेल त्यालाही सूट मागता येते. काम करणारा आणि पैसे देणारा बरोबरीने बसतात.

हिशेबात फक्त हाती आलेली रक्कम लिहिणं ही नेहमीची गफलत. ‘देणगी १२.००, शुल्क ०.६५, हाती ११.३५, त्या दिवशीचा दर’ असे चार रकाने ठेवा, नाहीतर मार्चमध्ये बँकेचं पासबुक आणि गेटवेचा अहवाल जुळत नाहीत. आणि गेटवेचा ओटीपी एकट्या खजिनदाराच्या फोनवर जाऊ देऊ नका. त्याने नंबर बदलला की गल्ल्याला कुलूप लागतं. दुसऱ्या एकाला प्रवेश द्या आणि रिकव्हरी कोड छापून तिसऱ्याच्या कपाटात ठेवा.