ट्रिमर घ्यायला निघण्याआधी

यंदा गणपतीचा चौरंग घरीच करायचा असं एकदा ठरलं, की पटाशी, करवत, रंधा अशी जमवाजमव होत होत गाडी ट्रिमरवर, म्हणजे लाकडाच्या कडा आणि खाचा कापणाऱ्या विजेच्या छोट्या मशीनवर, येतेच. तेव्हा दुकानाची पायरी चढण्याआधी घरी बसून एक काम करा. पुढच्या सहा महिन्यांत खरोखर काय करणार आहात ते कागदावर लिहा. चौरंगाच्या कडा गोल करणं, सनमायका चिकटवल्यावर बाहेर आलेली किनार तासणं, बिजागरीची खाच, ड्रॉवरचा तळ बसवायला ६ मिमीची खाच, एवढंच असेल तर ट्रिमर पुरतो आणि एका हातात मावतो. दरवाजाच्या पॅनेलला खोल मोल्डिंग काढायचं मनात असेल, तर १२ मिमी दांडीचे बिट (मशीनमध्ये बसवायचं फिरतं पातं) घेणारा मोठा राउटर, म्हणजे ट्रिमरचा थोरला भाऊ, लागतो. ते काम ट्रिमरकडून करवून घेण्याचा हट्ट करू नका.

आता वॉट. दुकानदार इथूनच सुरू करतो, म्हणून हे पटकन उरकू. मकिताचा ३७०९ हा ५३० वॉटचा, एकाच वेगाचा, मिनिटाला ३०,००० फेरे. बॉशचा जीकेएफ ५५० त्याच पंगतीतला, ५५० वॉट आणि ३३,००० फेरे. मकिताचाच आरटी०७००सी ७१० वॉटचा, आणि त्याचा वेग १०,००० ते ३०,००० असा कमीजास्त करता येतो. तिघेही घरातल्या साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालतात. ७१० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर जेमतेम ३ अँपिअर. नुसती सनमायका कापणार असाल तर एकच वेग पुरे. लाकडाच्या कडा घडवणार असाल तर वेगाची चकती असलेलाच घ्या, असं माझं मत. १२ मिमीचं बिट ३०,००० फेऱ्यांवर फिरतं तेव्हा त्याची धार सेकंदाला १९ मीटर धावते. ३० मिमीच्या बिटची धार त्याच फेऱ्यांवर ४७ मीटर. लाकूड काळं पडतं ते इथे, आणि मशीन हातात थरथरतं तेही इथेच.

वॉटपेक्षा कोलेट महत्त्वाचं. बिटची दांडी जिथे घट्ट बसते ती चिरा असलेली छोटी शंकूसारखी नळी म्हणजे कोलेट. ते ६ मिमीचं आहे की पाव इंची, हे विचारून घ्या, आणि सांगितलेल्यावर विश्वास न ठेवता खिशातला व्हर्निअर काढून हातातल्या बिटची दांडी मोजा. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. डोळ्याला हा फरक दिसत नाही, आणि काउंटरवर पुष्कळदा दोन्हींना 'सहाचं' म्हणूनच हाक मारतात. माझा पहिला धडा इथलाच. पाव इंची कोलेटमध्ये ६ मिमीचं बिट बसवलं, पाना जोर लावून आवळला, बसलं म्हणून खूश झालो. सागाच्या फळीत ५ मिमी खोल खाच काढत होतो. सुरुवातीला आवाज नेहमीचा, मग हळूहळू जड होत गेला. फळी उलटून पाहिली तर खाच एका टोकाला ५ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ९. बिट चालता चालता खाली सरकत गेलं होतं. फळी गेली, बोट राहिलं, एवढ्यावर निभावलं.

अमेरिकेतला भाचा 'मामा, इकडे छान मिळतो, घेऊन येऊ का?' असं विचारेल. मायेने नको म्हणा. तिकडचा वायरवाला ट्रिमर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर थेट लावला की मोटर जळते. वर्षभर जड ट्रान्सफॉर्मर ओढत बसण्यात मजा नाही. शिवाय त्याचं कोलेट पाव इंची, म्हणजे वरची गोष्ट पुन्हा.

पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीट, जिथे जाल तिथे मशीन खोक्यातून काढून हातात घ्या. बेसचा, म्हणजे फळीवर टेकणाऱ्या पायाचा, खटका किंवा स्क्रू आवळा आणि मोटर अंगठ्याने खाली दाबून पाहा. सरकली तर दुसरा नग मागा. उंची बदलताना ती चक्राने हळूहळू सरकते की हाताने ओढावी लागते हे बघा, कारण अर्धा मिमी वरखाली करताना चक्राची किंमत कळते. बेसची एक बाजू तरी सरळ हवी, म्हणजे पट्टीला टेकवून चालवता येतो. गाइड (कडेला समांतर चालवायला लागणारी पट्टी) आणि दोन्ही पाने खोक्यात आहेत ना, कार्बन ब्रश आणि सुटं कोलेट याच दुकानात मिळतं ना, हेही तिथेच विचारा. स्टिकर आणि रंग यांवर वेळ घालवू नका.

मशीनवर बजेट संपवू नका, बिटसाठी राखून ठेवा. तीस बिटांच्या स्वस्त लाकडी पेटीपेक्षा तीन चांगली टीसीटी (धारेला टंगस्टन कार्बाइड लावलेली) बिटं बरी: एक सरळ, एक बेअरिंगवालं (कडेला टेकून मोकळी फिरणारी चकती असलेलं) किनार कापायचं, एक ६ मिमी त्रिज्येचं गोलाईचं. सागात सिलिका असते, ती साध्या पोलादाची धार बघता बघता मारते. प्लायमधला गोंदही तेच करतो. किनारीच्या बिटसाठी एक सूचना: सनमायकाचा गोंद पूर्ण सुकू द्या. ओला गोंद बेअरिंगमध्ये गेला की ते जाम होऊन बिटबरोबर फिरू लागतं आणि नव्या सनमायकावर तपकिरी रेघ उमटते. ती पुसून जात नाही.

घरी आणल्यावर प्लग लावण्याआधी कोलेटमधला भुसा फुंकून काढा, बिट तळापर्यंत घालून २ मिमी वर ओढा आणि मग आवळा. दोन क्लॅम्प, गॉगल, मास्क आणि कानाला बोळे तयार ठेवा. वायर खांद्यावरून मागे सोडा. बटण बंद आहे हे बघूनच प्लग. खाच काढताना एका वेळी ३ मिमीपेक्षा खोल जाऊ नका.

दिशा पेन्सिलीने फळीवरच काढून ठेवा. कड तुमच्या समोर असेल तर डावीकडून उजवीकडे. उलट नेलं तर मशीन कडेवरून पळत सुटतं. चौरंगाच्या चारही कडा घेताना आधी टोकाच्या दोन आडव्या, मग लांब बाजू. आडव्या कडेच्या शेवटी लाकडाचा कोपरा तुटतो तो लांब बाजू घेताना निघून जातो. पण चौरंगाला हात लावण्याआधी त्याच सागाचा एक तुकडा घ्या आणि त्याच्या चारही कडा घेऊन बघा. काळा डाग पडला तर वेग कमी करा किंवा हात थोडा भरभर चालवा.